यंदा आपण जिंकणार ना?

पावसाळा सरत आला कीं येऊरच्या डोंगरावरचे ढग विरळ होऊं लागतात, उपवनच्या तळ्याचें गढूळ पाणी निवळूं लागतें आणि आमच्या वर्तकनगरांतल्या मोकळ्या जागांवर मुलांच्या हातीं फळ्या दिसूं लागतात. मोकळ्या जागा असें मी जुन्या संवयीनें म्हणालों. इमारतींच्या मधून अद्याप शिल्लक राहिलेल्या जागा, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. या दिवसांत कोणाला नवरात्राचे वेध लागतात, कोणाला दिवाळीच्या फराळाचे. आमच्यासारख्या कांहीं लोकांना मात्र आणखी एक वेध लागलेला असतो, आणि तो म्हणजे रणजी करंडकाच्या सामन्यांचा.

आज मी आपणांपुढें बोलणार आहें तो कोणी जाणकार म्हणून नव्हे. शाळेच्या दुसऱ्या संघापलीकडे मी कधीं क्रिकेट खेळलों नाहीं. परंतु देवळांत कीर्तन ऐकणारा प्रत्येक जण कांहीं कीर्तनकार नसतो; तरी वर्षानुवर्षें ऐकून ऐकून कोठें ताल चुकला, हें त्यालाहि कळूं लागतें. माझा अधिकार असलाच तर तेवढाच आहे.

गेल्या आठवड्यांतली गोष्ट. सायंकाळीं उपवनच्या कांठीं बसलों असतांना आमच्याच इमारतींतला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सराव आटोपून, पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी घेऊन येतांना दिसला. मला पाहून तो थांबला आणि म्हणाला, "आजोबा, यंदा रणजी आपण जिंकणार ना?"

मीं तत्काळ उत्तर दिलें, "अर्थात! त्यांत विचारायचें काय?"

आम्ही लहान असतांना एवढ्यावर समाधान मानून घरीं गेलों असतों. हा मुलगा तसाच उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "पण कशावरून?"

श्रोतेहो, त्या 'कशावरून'ला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आजचें हें भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. ठाणें हें निराळें शहर, निराळा जिल्हा. मग मुंबईचा संघ ठाणेंकरांना 'आपला' कसा? याचें उत्तर असें कीं, क्रिकेटच्या राज्यांत ठाणें मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखालीं येतें. येथला एखादा मुलगा चांगला खेळूं लागला, तर त्याची वाट पुण्याकडे जात नाहीं. ती मुंबईकडे जाते. म्हणून आमच्याकडे मुंबईचा संघ हा पाहुण्यांचा संघ नाहीं. तो घरचाच आहे.

आणि हें घर तरी केवढें संपन्न! १९३४-३५ सालीं रणजी करंडकाची स्पर्धा प्रथम झाली आणि पहिला करंडक मुंबईनें नेला. पुढें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें तो मुंबईबाहेर गेलाच नाहीं. त्या काळीं शाळेंत गेलेल्या मुलाला मुंबई हरूं शकते, हें अनुभवानें कळण्याचा प्रसंगच आला नसेल. मार्च २०२४ मध्यें वानखेडे मैदानावर विदर्भाला १६९ धांवांनीं हरवून मुंबईनें बेचाळिसाव्यांदा हा करंडक जिंकला. दुसऱ्या कोणत्याहि संघाला दोन आंकडी संख्येपर्यंतहि पोंचतां आलेलें नाहीं.

परंतु वडिलोपार्जित संपत्तीचा एक दोष असा कीं, ती कशी मिळाली हें पुढच्या पिढीला आठवत नाहीं. आम्हां चाहत्यांचें तसेंच झालें आहे. विजय हा आमच्या घरचा कुळाचार आहे, असें आम्ही मानीत आलों. जिंकलों तर त्यांत नवल तें काय, आणि हरलों तर पंच, खेळपट्टी किंवा निवड समिति यांपैकीं कोणाचा तरी दोष! त्या मुलाला 'अर्थात' म्हणून सांगणारा मी, याच संवयीनें बोललों होतों.

या संवयीची परीक्षा घेणारे दोन प्रसंग मी आपणांपुढें ठेवतों. पहिला १९७०-७१ च्या हंगामांतला. त्या वर्षीं भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर, अशोक मंकड अशी मुंबईची बिनीची मंडळी त्या दौऱ्यांत गुंतलेली. मागें राहिलेल्या खेळाडूंना हाताशीं धरून सुधीर नाईक यांनीं अंतिम सामना लढविला आणि महाराष्ट्राच्या संघाला हरवून करंडक घरींच ठेवला. मोठे सरदार मोहिमेवर गेले असतांना किल्ला शिबंदीनें राखला, अशी ती गोष्ट आहे.

दुसरा प्रसंग जानेवारी २०२५ मधला, वांद्रे-कुर्ला संकुलांतल्या मैदानावरचा. समोर जम्मू-काश्मीरचा संघ. मुंबईच्या बाजूनें रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य राहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर असे सारे भारताकडून खेळलेले वीर. येथें बिनीचे बहुतेक खेळाडू हजर होते. आणि पहिल्या डावांत मुंबईच्या धांवा झाल्या अवघ्या १२०! जम्मू-काश्मीरनें तो सामना पांच बळी राखून जिंकला.

हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. एकदां बिनीचे खेळाडू नव्हते आणि आपण जिंकलों. एकदां ते बहुतेक सगळे होते आणि आपण हरलों. म्हणजे संघाचें बळ नामवंतांच्या यादींत नसतें, हें उघड आहे. मग तें असतें तरी कोठें? येत्या हंगामाचा विचार करतांना या प्रश्नाचें उत्तर आधीं शोधलें पाहिजे.

यांतलें अर्धें उत्तर प्रतिपक्षाकडे आहे. पूर्वीं मुंबईशीं सामना पडला म्हणजे पुष्कळसे संघ मैदानावर उतरण्यापूर्वींच मनानें हरलेले असत. तो काळ गेला. आणि तो घालविण्यास आपल्याच घरच्या विद्येचा हातभार लागला, ही मोठी गंमत आहे. मुंबईकडून यष्टिरक्षण केलेले चंद्रकांत पंडित विदर्भाचे मार्गदर्शक झाले आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक नागपुरास गेले. त्या दोन्ही वेळीं विदर्भाकडून खेळत होते ते मुंबईचेच वासिम जाफर. पुढें पंडित मध्य प्रदेशाकडे गेले, आणि जून २०२२ मध्यें बंगळूरला झालेल्या अंतिम सामन्यांत मध्य प्रदेशानें प्रत्यक्ष मुंबईलाच हरविलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें नागपूरच्या उपांत्य सामन्यांत विदर्भानें पुन्हां मुंबईवर ८० धांवांनीं मात केली आणि त्या वर्षीं करंडकहि नेला.

याचें दुःख करावें काय? मला तसें वाटत नाहीं. एका दिव्यानें दुसरा लावला म्हणून पहिल्याचा प्रकाश कमी होत नाहीं. मात्र अंधारांत एकटाच चमकण्याचें सुख त्याला उरत नाहीं, एवढें खरें. आतां मुंबईला सामना जिंकावा लागतो. नांवावर तो मिळत नाहीं. खेळाच्या दृष्टीनें हें इष्टच झालें.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्या अंगणांतला आहे. २०२३-२४ चा करंडक कोणीं मिळवून दिला, तें आठवून पाहा. बडोद्याविरुद्ध उपउपांत्य सामना चालूं होता. मुंबईचे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे फलंदाज एकत्र आले. या जोडीकडून पांच-दहा धांवांपलीकडे अपेक्षा कोण करील? पण तनुष कोटियनच्या नाबाद १२० आणि तुषार देशपांडेच्या १२३ धांवा झाल्या, आणि शेवटच्या जोडीनें २३२ धांवांची भर घातली! प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें दहाव्या आणि अकराव्या फलंदाजानें एकाच डावांत शतकें काढल्याचें यापूर्वीं एकच उदाहरण होतें. तें १९४६ सालचें. लंडनच्या ओव्हल मैदानावर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनीं शेवटच्या जोडीसाठीं २४९ धांवा केल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांनंतर त्या पराक्रमाची पुनरावृत्ति झाली.

त्याच हंगामांतला उपांत्य सामना तमिळनाडूशीं होता. तमिळनाडूच्या १४६ धांवांना उत्तर देतांना मुंबईचे सात गडी १०६ धांवांत बाद झाले होते. तेथून शार्दूल ठाकूरनें नवव्या क्रमांकावर येऊन १०९ धांवा काढल्या, आणि मुंबईनें तो सामना एक डाव आणि ७० धांवांनीं जिंकला. पुढें जम्मू-काश्मीरविरुद्ध ज्या सामन्यांत आपली अब्रू गेली, त्यांतसुद्धां दोन्ही डावांत उभा राहिला तो हाच गडी. पहिल्या डावांत ५१, दुसऱ्यांत ११९!

मुंबईच्या मैदानांवर 'खडूस' असा एक शब्द आहे. घरांत हा शब्द कोणाविषयीं वापरला तर भांडण व्हावयाचें. मैदानावर तो गौरव ठरतो. आपला बळी फुकट द्यावयाचा नाहीं, सामना हातचा गेला असें दिसलें तरी प्रतिपक्षाला तो सुखानें घेऊं द्यावयाचा नाहीं, या वृत्तीचें तें नांव. वर सांगितलेले हे सारे डाव त्याच वृत्तीचे आहेत.

आतां हे खडूस कोठून येतात तें पाहा. तुषार देशपांडे कल्याणचा. लहानपणीं तो शिवाजी पार्कला निवडचांचणीला गेला, तो फलंदाज व्हावें म्हणून. तेथें फलंदाजांची रांग फार मोठी दिसली. गोलंदाजांची त्या मानानें लहान होती, म्हणून तो तींत जाऊन उभा राहिला! शार्दूल ठाकूर पालघरचा, म्हणजे २०१४ पर्यंत आमच्याच ठाणें जिल्ह्यांतला. पिशवी संभाळीत तो आगगाडीनें मुंबईस येई. पुढें बोरिवलीच्या शाळेंत दिनेश लाड या मार्गदर्शकांनीं त्याला बोलावून घेतलें आणि कांहीं काळ आपल्या घरींहि ठेवलें. अजिंक्य राहाणे वाढले डोंबिवलींत. त्यांनीं स्वतः सांगितलें आहे कीं, रिक्षाला पैसे नसत, म्हणून त्यांची आई एका कडेवर धाकटें मूल आणि दुसऱ्या हातांत क्रिकेटची पिशवी घेऊन त्यांना पायीं मैदानावर नेत असे. त्या मुलाच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें बेचाळिसावा करंडक जिंकला. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें राहाणे यांनीं तें पद सोडलें, तेव्हां २०२५-२६ च्या हंगामासाठीं तें गेलें पालघरच्या शार्दूलकडे. डोंबिवलीकडून पालघरकडे! एके काळीं मुंबईचें क्रिकेट म्हणजे दादर, माटुंगा, शिवाजी पार्क असें समीकरण होतें. आज त्याचा कणा आगगाडीच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकला आहे.

हा योगायोग नव्हे, असें मला वाटतें. पहांटे उठून गर्दीच्या गाडींत पिशवीसह शिरणें, फलाटावर धक्के खाऊनहि ती न सोडणें, दोन तास प्रवास करून मैदानावर दहा चेंडू खेळावयास मिळाले तर ते जपून खेळणें, हें सारें ज्यानें केलें आहे, त्याला आपल्या बळीची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं.

या दृष्टीनें येत्या हंगामाकडे पाहिलें तर मला काय दिसतें? जमेच्या बाजूला तरुण फलंदाज आहेत. मुशीर खाननें अठरा वर्षांचा असतांना बडोद्याविरुद्ध नाबाद २०३ आणि एकोणीस वर्षांचा झाल्यावर अंतिम सामन्यांत १३६ धांवा काढल्या. विरारच्या आयुष म्हात्रेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें महाराष्ट्राविरुद्ध १७६ धांवा केल्या, तेव्हां त्याचें वय सतरा वर्षें होतें. कोटियननें २०२३-२४ मध्यें ५०२ धांवा आणि २९ बळी अशी दुहेरी कामगिरी करून स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. आणि डावखुरा फिरकी गोलंदाज शम्स मुलाणी हाहि फळीनें संघाला तारूं शकतो. मुंबईचा डाव सहा गड्यांनंतर संपत नाहीं, हें प्रतिपक्षाला ठाऊक आहे.

उणी बाजू अशी कीं, वरची फळी वारंवार कोसळते आणि शेपटानें तिला सांवरावें लागतें. शेपूट बळकट असणें चांगलें. पण चालावयाचें तें पायांनींच! शिवाय २०२३-२४ च्या अंतिम सामन्यांत शेवटचा बळी घेऊन धवल कुलकर्णी निवृत्त झाले. सकाळच्या दमट हवेंत तासभर एकाच टप्प्यावर चेंडू टाकणारा तसा विश्वासाचा गोलंदाज एका वर्षांत तयार होत नाहीं. त्यांत अलीकडच्या वर्षांत या स्पर्धेचे दोन तुकडे झाले. २०२४-२५ प्रमाणें दिवाळीच्या सुमारास पहिला भाग, मग मर्यादित षट्कांच्या स्पर्धा, आणि जानेवारींत दुसरा भाग. मधल्या काळांत हाताला लागलेलें घाईचें वळण मोडून पुन्हां चार दिवसांच्या खेळाला लागणें सोपें नाहीं. गुणांचा हिशेबहि बारीक असतो. निर्णायक विजयाला सहा गुण आणि अनिर्णित सामन्यांत पहिल्या डावाची आघाडी मिळाली तर तीन, न मिळाली तर एक. साखळींतल्या सात सामन्यांत एखादी सकाळ आळसांत गेली, तर ती फेब्रुवारींत महाग पडते.

तेव्हां भाकीत काय? येथें मला आमच्या डोंबिवलीच्याच नीलेश कुलकर्णी यांची आठवण होते. १९९७ सालीं कोलंबोला कसोटी क्रिकेटमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यांनीं मार्वन अटापट्टूचा बळी घेतला. त्या क्षणीं कोणाहि चाहत्याला वाटलें असेल कीं, आतां श्रीलंकेचें कांहीं खरें नाहीं. पुढें काय झालें? श्रीलंकेनें सहा बाद ९५२ धांवा केल्या. आणि कुलकर्णी यांनीं ७० षट्कें टाकलीं, १९५ धांवा दिल्या, त्यांना दुसरा बळी मिळाला नाहीं. हा किस्सा हंसण्यासाठीं सांगितला जातो. मला त्यांत तीं सत्तर षट्कें दिसतात. पहिल्या चेंडूचें भाग्य कोणाच्याहि वांट्याला येईल. पण त्यानंतर सत्तराव्या षट्कापर्यंत चेंडू हातांत घेऊन पुन्हां धांवत येणें, हें ज्याचें त्यालाच करावें लागतें. म्हणून पहिल्या सामन्यावरून हंगामाचें भविष्य सांगणाऱ्यांनीं थोडें सबुरीनें घ्यावें, आणि त्यांत मी स्वतःलाहि धरतों.

हें सारें मीं त्या मुलाला त्या सायंकाळीं सांगूं पाहत होतों. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आजोबा, तुम्हीं मैदानावर जाऊन रणजीचा सामना शेवटचा कधीं पाहिलात?"

मीं आठवूं लागलों. एक वर्ष, दोन वर्षें, दहा वर्षें... श्रोतेहो, माझ्या मुलाच्या लग्नापूर्वींचा तो सामना होता, एवढेंच मला स्मरलें. एके काळीं याच नभोवाणीवरून बाळ पंडितांचें मराठी समालोचन ऐकतांना ज्याच्या डोळ्यांपुढें सारें मैदान उभें राहत असे, तो मी आतां घरबसल्या धांवसंख्या पाहून निवड समितीला शिव्या देणारा झालों आहें. जानेवारी २०२५ च्या त्या सामन्याला लोक आले ते रोहित शर्माला पाहण्यासाठीं. एरव्हीं रणजीच्या सामन्याला पायऱ्या बहुधा रिकाम्या असतात. दहाव्या क्रमांकाचा गडी रिकाम्या पायऱ्यांसमोर चार तास उभा राहतो, आणि आपण म्हणतों, मुंबईंत आतां पूर्वींचा खडूसपणा उरला नाहीं! तो खेळाडूंत उरला आहे. कमी झाला असेल तर तो आपणां प्रेक्षकांत झाला आहे. प्रतिकूल काळीं टिकून राहणें हीच त्या शब्दाची व्याख्या असेल, तर त्या कसोटीला चाहत्यानेंहि उतरलें पाहिजे.

म्हणून यंदा मीं एक बेत केला आहे. मुंबईचा घरचा सामना लागला कीं त्या मुलाच्या आईवडिलांची परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशीं त्याला घेऊन जावयाचें. डबा बरोबर घ्यावयाचा आणि पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बसावयाचें. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर सामना आला तर उत्तमच. नाहीं तर वानखेडे किंवा वांद्रे-कुर्ला. माझी विनंती एवढीच कीं, आपणांपैकीं ज्यांना शक्य आहे त्यांनींहि हंगामांतला निदान एक दिवस असा काढावा. बरोबर एखादें मूल घ्यावें. सामना रंगतदार न झाला तर फारच चांगलें. कारण रेंगाळलेला खेळ पाहण्याची संवय लहानपणींच लागावी लागते.

आणि त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर? 'अर्थात' हा शब्द मीं परत घेतला आहे. यंदा आपण जिंकूं कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. पण सात गडी बाद झाले असतां कल्याण, पालघर किंवा विरारचा कोणी तरी मुलगा फळी घेऊन पायऱ्या उतरेल आणि सहजासहजीं परत जाणार नाहीं, एवढें मी त्याला खात्रीनें सांगूं शकतों. तो उतरेल तेव्हां पायऱ्यांवर आपण असावें.